खोडलेले पाच

उस्ताद सिनानला रसायनशास्त्र येत नाही. हे वाक्य मी इराकमधल्या आमच्या हिल्ला शहरात चारचौघांत बोलले तर लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. कारण शहरातल्या प्रत्येक काँक्रीटच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. निळा सूट, हाताची घडी, तेल लावून बसवलेले केस आणि खाली अक्षरं: ‘रसायनाचा सम्राट’. सम्राट म्हणे! माझ्या हाताखाली दोन महिने उमेदवारी केली होती त्याने. तेव्हा परीक्षानळी कुठल्या टोकाने धरायची हे त्याला मी शिकवलं. तेवढं मात्र त्याच्या लक्षात राहिलं असावं, कारण फोटोत त्याच्या हातात परीक्षानळी आहे. रिकामी.

मी सित्त निदाल. आमच्याकडे मास्तरांना उस्ताद म्हणतात आणि बाईंना सित्त. मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. ‘शिकवते’ म्हणायचं आपलं. सहावीचं वर्ष म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, आणि त्याच्या अखेरीस सरकारी परीक्षा, जिच्या गुणांवर कोण डॉक्टर होणार आणि कोण घरात भांडी घासणार ते ठरतं. त्यामुळे थंडी सरली की पोरी शाळेतून गायब होतात आणि सिनानच्या क्लासला जाऊन बसतात. चाळीसजणींच्या वर्गात माझ्यापुढे तीन उरतात. एकीला घरातून क्लासची परवानगी नसते, एक झोपायला येते. तिसरी त्या वर्षी तबारक होती.

तबारक दोन्हीकडे जायची. सकाळी माझ्याकडे, संध्याकाळी सम्राटाकडे. तिला फार्मसीला जायचं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “सित्त, आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात एक बाई बसते. पांढरा कोट घालते. ती ‘थांबा’ म्हणाली की पुरुषसुद्धा थांबतात.” एवढंच कारण. मला ते पटलं, पण तिला सांगितलं नाही. बापाने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, फार्मसी मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर मावशीच्या शिलाईच्या दुकानात. बाप वाईट नव्हता, एकदा बोललेला शब्द फिरवणाऱ्यातला मात्र नव्हता.

मार्चमध्ये एक दिवस ती हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आली. सिनानच्या छापील नोट्स. आमच्याकडे त्याला मल्झमा म्हणतात आणि सरकारी पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मान देतात. पोरी ती मल्झमा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ करतात, स्वल्पविरामासकट.

“सित्त, पान एकशे त्रेचाळीस,” ती म्हणाली. “लोखंड आणि परमँगनेट. हे बरोबर आहे का?”

मी बघितलं. डावीकडे एक परमँगनेट, एक लोखंड, आठ हायड्रोजन. उजवीकडे एक मँगनीज, एक लोखंड, चार पाणी. खाली सम्राटाची टीप: ‘अणू मोजा, दोन्हीकडे सारखे भरले की समीकरण झालं!’ आणि त्याखाली त्याचा जगप्रसिद्ध विनोद: ‘इथे मँगनीज दमला हो, त्याला पाणी पाजा!’ पोरी या विनोदाला हसतात. क्लासमध्ये तो माइकवर सांगतो आणि चारशेजणी एका वेळी हसतात.

“अणू मोज,” मी म्हटलं.

तिने मोजले. “भरतात.”

“आता भार मोज.”

ती बोटांवर मोजत बसली. “डावीकडे अधिक नऊ. उजवीकडे... अधिक पाच.”

“मग चार कुठे गेले? फुरात नदीत पोहायला गेले का?”

मागच्या बाकावरची झोपाळूसुद्धा जागी होऊन हसली. तबारक हसली नाही. वहीत बघत राहिली.

पुढचे दोन आठवडे मी तिला फळ्यापाशी उभं केलं. यात काही डोंगर फोडायचा नसतो. जो घटक इलेक्ट्रॉन सोडतो त्याची ओळ वेगळी मांडायची, जो घेतो त्याची वेगळी. एक लोखंड एकच इलेक्ट्रॉन सोडतं. परमँगनेटला पाच लागतात. घरी जेवायला असा पाहुणा आला की ज्याला पाच समून, म्हणजे भट्टीतले पाव, लागतात, आणि शेजारणी प्रत्येकी एकच पाव देतात, तर किती शेजारणींचं दार वाजवायचं? पाच. मग लोखंडापुढे पाच लिहायचे. डावीकडे सतरा, उजवीकडे सतरा, झालं. भाकरी भाजणाऱ्या बाईला कळेल. सम्राटाला कळत नाही, कारण सम्राटाने कधी दोन ओळी वेगळ्या मांडल्याच नाहीत. तो डोळ्यांनी अंदाज घेतो आणि आकडे पेरतो.

तबारक चुकायची. इलेक्ट्रॉन भलत्याच बाजूला लिहायची, ऋण चिन्ह विसरायची. मी काय बोलायचं ते बोलायची. माझी जीभ कशी आहे हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे आणि मी ती कधी लपवली नाही. शेवटी एप्रिलमध्ये एका दिवशी तिच्या हातून पाच आले, सतरा आणि सतरा आले, आणि तिने खडू खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. “हं,” मी म्हटलं. “पूस फळा. पुढचं.”

त्याच आठवड्यात सिनान मला समूनच्या भट्टीपाशी भेटला. गाडी रस्त्यात आडवी लावून उतरला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, “सित्त निदाल! आम्हा सगळ्यांच्या आई!”

“तुझ्यासारखा मुलगा असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं,” मी म्हटलं. “पान एकशे त्रेचाळीस चूक आहे.”

“कुठलं?”

“लोखंडाचं. भार जुळत नाही. लोखंडं पाच लागतात. इतकी वर्षं शिकवतोयस, एकदा तरी बेरीज करून बघायची होतीस.”

तो हसला. दात पांढरेशुभ्र, त्यावर खर्च केलेला दिसत होता. “अहो सित्त, पोरींना गुण हवेत, इलेक्ट्रॉन नकोत. आणि सात वर्षांत हे समीकरण परीक्षेत आलेलं नाही. पुढच्या छपाईत बघू. तुमचे पाव मी घेऊ का?”

“तुझ्या हातचं मी पाणीही घेणार नाही,” मी म्हटलं आणि माझे सहा समून घेऊन निघाले. भट्टीवाला मान हलवत म्हणाला, केवढा नम्र माणूस आहे बघा.

जूनमध्ये परीक्षा झाली. नेहमीप्रमाणे पेपर फुटू नये म्हणून सकाळी सगळ्या देशाचं इंटरनेट बंद आणि दुपारी वीज गेल्याने पंखे बंद. रसायनाच्या पेपरात चौथा प्रश्न कोणता आला? लोखंड आणि परमँगनेट. समीकरण जुळवा आणि त्यावरून लोखंडाचं वजन काढा, दहा गुण. पेपर हातात पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन एकटीच अंड्याचा समून केला, त्यावर आंब्याचं पातळ पिवळं लोणचं ओतलं आणि उभ्याउभ्या खाल्ला. सम्राट एकदाचा नागडा पडणार होता.

त्या वर्षी आमच्या भागातल्या उत्तरपत्रिका आमच्याच शहरातल्या एका जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये तपासायला आल्या. नाव असलेला कोपरा दुमडून चिकटवलेला असतो, वर फक्त गुप्त क्रमांक. प्रत्येक टेबलावर दोन तपासनीस आणि दोघांना मिळून एकच प्रश्न. पहिल्याने लाल पेनाने गुण द्यायचे, दुसऱ्याने बघून हिरव्याने सही करायची. माझ्याकडे चौथा प्रश्न आला. माझ्याबरोबर उस्ताद फलाह, एका खेड्यातल्या मुलांच्या शाळेतला, पोट सुटलेला, चहात चार चमचे साखर घालणारा आणि प्रत्येक पोरावर जीव टाकणारा माणूस.

पहिली पन्नास पानं बघितली आणि मला हसू आवरेना. सगळीकडे एक लोखंड. सगळीकडे नऊ आणि पाच. वजन पाचपट कमी. आणि ऐका, अकरा पोरींनी समीकरणाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे मँगनीज दमला, त्याला पाणी पाजा.’ सरकारी परीक्षेत! कारण मल्झमेत तसं छापलं होतं, आणि मल्झमेत जे छापलंय त्यातलं काय रसायन आणि काय चावटपणा हे कळायला आधी रसायन यावं लागतं.

मी शून्य देत गेले. फलाह प्रत्येक शून्यावर सुस्कारा सोडायचा.

“सित्त, अणू तरी जुळवलेत. दोन गुण देऊ या.”

“कशाचे? बोटांवर मोजता येतं त्याचे?”

“लेकरं आहेत हो, बाई. वर्षभर उन्हातान्हात राबलीत.”

“गाढवंही राबतात, फलाह. त्यांना आपण फार्मसीला पाठवत नाही.”

शेजारच्या टेबलावरचे हसले. फलाह लाल झाला, पण चिडला नाही, त्याला चिडता येत नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा एक पान पुढे केलं. त्यावर पोरीने बरोबर उत्तर अर्धवट लिहून सोडून दिलं होतं. मी त्याला विचारलं की तू मास्तर आहेस की दर्ग्याच्या दारातला खिचडी वाटणारा? पुन्हा हशा. केंद्राचे प्रमुख उस्ताद गालिब लांबून म्हणाले, “सित्त निदाल, जरा हळू. पण नियम तिचा बरोबर आहे हो फलाह.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. सत्तावीस वर्षं वर्गात तीन पोरी आणि इथे सगळा हॉल माझं ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी, चहा येण्याच्या सुमारास, एक पान समोर आलं आणि माझा हात थांबला.

दोन ओळी वेगळ्या मांडलेल्या. इलेक्ट्रॉनांभोवती छोटी चौकट, ती मी वर्गात काढायला लावते, दुसरं कोणी लावत नाही. पाच लोखंड. कडेला बारीक अक्षरात बेरीज: सतरा, सतरा. वजन अचूक, शेवटच्या दशांशापर्यंत. आणि त्या सगळ्यावरून, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, पट्टीने ओढलेली एक तिरकी रेघ. खाली नवं उत्तर. एक लोखंड. नऊ आणि पाच. पाणी पाजायचा विनोद तेवढा नव्हता.

अक्षर तबारकचं होतं. कोपरा दुमडलेला असला म्हणून काय झालं, वर्षभर ते अक्षर मी तपासलं होतं.

फलाह माझ्या खांद्यावरून बघत होता. “अरे वा! ही बघा, ही पहिली. पूर्ण बरोबर.” मग त्याला रेघ दिसली. “खोडलंय. पण स्वच्छ वाचता येतंय, सित्त. पोर घाबरली असणार. दहा नको, सहा द्या. पाच द्या.”

खोडलेलं उत्तर वाचायचं नाही, असा नियम आहे. पण तोच नियम हेही सांगतो की शंका असेल तर प्रमुखांना विचारा. गालिब दहा पावलांवर बसले होते. मी उठून नुसतं पान पुढे केलं असतं तर त्यांनी काहीतरी दिलं असतं, कारण पोरीला येतंय हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण शेजारचं टेबल माझ्याकडे बघत होतं. तीन दिवस ज्याची मी खिल्ली उडवली तो फलाह माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या त्या गोड, गोल चेहऱ्यावर आशा होती की आता तरी ही बाई माणसात येईल.

“का हो सित्त?” शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. “खिचडी वाटायला तुम्हीही बसलात की काय?”

“खोडलेलं ते खोडलेलं,” मी म्हटलं. “जिला स्वतःच्या उत्तराची खात्री नाही तिच्या हाती औषधाचं दुकान द्यायचं?”

आणि शून्य काढलं. गोल, मोठं, लाल. फलाहने हिरवं पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं, मग सही केली. त्या दिवशी तो चहा न पिताच गेला.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. तबारकची सरासरी फार्मसीच्या यादीपेक्षा अर्ध्या गुणाने कमी पडली. सात विषय. फलाहने मागितलेले पाच गुण म्हणजे सरासरीत पाऊण गुणाला थोडे कमी. हे गणित मी निकालाच्या यादीपुढे उभी राहून केलं, आणि नंतर घरी पुन्हा केलं, कागदावर, जणू दुसऱ्यांदा वेगळं उत्तर येणार होतं.

आठवड्याने ती शाळेत दाखला घ्यायला आली. मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. पंखा बंद होता, खिडक्या उघड्या. काळ्या पायघोळ अबायाच्या बाहीने ती कपाळ पुसत उभी राहिली.

“बस,” मी म्हटलं. ती बसली नाही. “चौथ्या प्रश्नात पाच लिहून खोडलंस का?”

ती दचकली. “तुम्हाला कसं माहीत?” आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. “तुमच्याकडे होता तो प्रश्न.”

“मी विचारलं त्याचं उत्तर दे. दोन आठवडे तुला फळ्यापाशी उभं करून शिकवलं. बरोबर मांडलंस, बेरीज केलीस, जुळली. मग त्या सिनानचं गचाळ उत्तर खाली लिहिलंस? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?”

ती खिडकीकडे बघत होती. मला वाटलं रडणार. रडली नाही.

“सित्त, तुम्हाला डिसेंबरमधलं आठवतं?” ती म्हणाली. “मी फळ्यावर इलेक्ट्रॉन उलट्या बाजूला लिहिले होते. तेव्हा वर्ग भरलेला होता. तुम्ही म्हणालात, हिला बरोबर उत्तर आलं तर मला बोलवा, मी मिठाई वाटीन. सगळ्या हसल्या. पुढे महिनाभर मी वर्गात आले की कोणी ना कोणी विचारायचं, मिठाई कधी आहे म्हणून.”

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. असली वाक्यं मी दिवसाला दहा बोलत असेन.

“पेपरात पाच आले,” ती म्हणाली. “आधी आनंद झाला. मग वाटलं, मला कसं बरोबर येईल? एप्रिलमध्ये आले होते तेव्हा तुम्ही फळा पुसायला सांगितलात. ते बरोबर होतं की नव्हतं, तेही मला कळलं नाही. आणि बाहेर चारशेजणी एक लिहिणार होत्या. एक लिहून चुकले असते तर चारशेजणींबरोबर चुकले असते, सित्त. पाच लिहून चुकले असते तर एकटी. एकटीने चुकलं की काय होतं ते मी तुमच्याच वर्गात बघितलंय.”

ती हे रागाने बोलली नाही. समीकरण मांडावं तसं एकेक करून मांडलं, आणि त्यात मला एकही चूक काढता आली नाही. मला तिची लाज वाटायला हवी होती, तिच्या भित्रेपणाची. मला माझी वाटली.

“तुझे पाच बरोबर होते,” मी म्हटलं.

वर्षभरात हे वाक्य मी तिला पहिल्यांदा बोलले. तिने ते ऐकलं, आणि मग तो प्रश्न विचारला ज्याची मला निकालाच्या दिवसापासून धास्ती होती.

“तुम्हाला वाचता आलं होतं?”

“हो.”

“माझं आहे हे कळलं होतं?”

“हो.”

“मग सित्त, थोडे तरी गुण का नाही दिलेत?”

याला उत्तर होतं. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसतील, आणि फलाहसारख्या माणसापुढे मला मान खाली घालावी लागेल, एवढंच ते उत्तर होतं. मी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत माझी जीभ कधी अडली नव्हती.

“नियम असतो, तबारक,” मी म्हटलं. “खोडलेलं वाचायचं नसतं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं, आणि ते तिला कळलंय हे मला कळलं. ती “हो सित्त” म्हणाली, दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि मावशीच्या दुकानाकडे गेली.